व्हीएममध्ये आवाज येत नाही, खरखर येते, माईक चालत नाही: नक्की कुठे बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज ११ चा लॅपटॉप, १६ जीबी रॅम, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स ७ आणि त्यातल्या व्हीएममध्ये (म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, ह्यालाच गेस्ट म्हणतात) उबुंटू २४.०४. आत व्हिडिओ लावला की खरखर येते, आवाज मध्येच तुटतो आणि मीटिंगमध्ये बोललेलं समोरच्याला ऐकूच जात नाही. होस्टवर म्हणजे विंडोजमध्ये सगळं झकास चालतंय. ऑडिओ कंट्रोलर तिन्ही बदलून बघितले, उबुंटूमधलं साउंडचं पॅकेज काढून परत टाकलं, फरक शून्य.

पहिलं म्हणजे इथे दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही दोघांना एकच औषध देताय. आवाज अजिबात नसणं किंवा माईक न चालणं म्हणजे कुठेतरी जोडणीच नाहीये, एखादं बटण बंद आहे, ड्रायव्हर नाही, परवानगी नाही. आवाज येतोय पण फाटतोय, म्हणजे जोडणी सगळी ठीक आहे, फक्त व्हीएमला वेळेवर सीपीयू मिळत नाहीये. ह्या दुसऱ्या प्रकारात साउंडचं पॅकेज दहा वेळा टाकलं तरी काही होणार नाही, कारण साउंडमध्ये काही बिघडलेलंच नाहीये.

आवाजाचा रस्ता एकदा डोक्यात बसवा. आतलं अ‍ॅप, मग गेस्टचा साउंड सर्व्हर (उबुंटू २४.०४ मध्ये पाइपवायर), मग गेस्टच्या कर्नलमधला (सिस्टिमच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, मग व्हर्च्युअलबॉक्सने उभं केलेलं खोटं साउंडकार्ड, मग व्हर्च्युअलबॉक्सचा होस्ट ड्रायव्हर, मग विंडोजचा मिक्सर आणि शेवटी खरा स्पीकर. अडथळा ह्यातल्या कुठल्याही ठिकाणी असू शकतो. तुम्ही आल्टून पाल्टून फक्त मधलं कार्ड बदलत बसलात.

आधी आवाज अजिबात नसेल तर काय, ते उरकून घेतो, कारण ते सोपं आहे. व्हीएममध्ये काहीतरी वाजत ठेवा आणि विंडोजचा व्हॉल्यूम मिक्सर उघडा. तिथे व्हर्च्युअलबॉक्सची स्वतंत्र पट्टी दिसते. ती म्यूट आहे का, किंवा तिचं आउटपुट भलत्याच डिव्हाइसला बांधलंय का ते बघा. एचडीएमआयने मॉनिटर लावला की विंडोज कधीकधी गुपचूप त्यालाच डिफॉल्ट करतं आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो, मग लोक दोन तास व्हीएममध्ये शोधत बसतात. आणखी एक, रिमोट डेस्कटॉपने होस्टमध्ये शिरून तिथून व्हीएम चालू केलं असेल तर त्या सेशनमध्ये डिफॉल्ट डिव्हाइस म्हणून रिमोट ऑडिओ असतो. नंतर त्या मशीनसमोर जाऊन बसलात तर आवाज नाही. अशा वेळी व्हीएम पूर्ण बंद करून समोर बसूनच चालू करायचं.

व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओच्या पानावर आउटपुटची टिक आहे का बघा. होस्ट ड्रायव्हर डिफॉल्टवरच असू द्या, तिथे चुकून नल निवडलेला असेल तर गेस्टला कार्ड दिसतं, व्हॉल्यूमचा काटाही हलतो, पण आवाज कुठेच जात नाही. कधीकधी होस्टचं डिव्हाइस उघडता आलं नाही तर व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच नलवर जातं आणि एक छोटी सूचना दाखवतं, जी आपण सवयीप्रमाणे न वाचता बंद करतो.

कंट्रोलरचं, म्हणजे त्या खोट्या साउंडकार्डाच्या प्रकाराचं म्हणाल तर त्यात फार डोकं लावण्यासारखं नाही. विंडोज १० किंवा ११ आत असेल तर इंटेल एचडी ऑडिओ. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये एसी ९७ चा ड्रायव्हर सोबत येत नाही, त्यामुळे तिथे एसी ९७ दिलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि आवाज गुल. एक्सपीचं बरोबर उलटं, त्याला एसी ९७ द्यायचं कारण एचडी ऑडिओ त्याला आपणहून ओळखता येत नाही. मुलांच्या खेळांच्या नाहीतर पारायणाच्या जुन्या सीडी चालवायला एक्सपीचं व्हीएम जपून ठेवलेले लोक बरेच भेटतात, त्यांचं नव्वद टक्के काम ह्या एका बदलाने होतं. डॉस किंवा त्या काळातलं काही असेल तर साउंडब्लास्टर १६. लिनक्सला दोन्ही चालतात, मी आधी एसी ९७ लावून बघतो. बदलताना व्हीएम पूर्ण शटडाउन झालेलं हवं, सेव्ह केलेल्या अवस्थेत असेल तर तो पर्याय बदलताच येत नाही.

लिनक्स गेस्टमध्ये साउंड सेटिंगमध्ये फक्त डमी आउटपुट दिसत असेल तर त्याचा अर्थ कर्नलला कार्डच सापडलं नाही. टर्मिनलमध्ये एप्ले कमांडला हायफन आणि छोटा एल लावून चालवा, यादीत कार्ड आलं तर ड्रायव्हर ठीक आहे आणि गोंधळ पाइपवायरच्या बाजूला आहे, यादी रिकामी असेल तर खाली बघा. इथे एक हमखास खड्डा आहे जो लोकांना माहीत नसतो. क्लाउड इमेज उतरवून त्यावर नंतर डेस्कटॉप चढवला असेल तर तिथला कर्नल छाटलेला असतो, त्यात साउंडचे मॉड्यूलच नसतात. उबुंटूत त्या कर्नलसाठीचं मॉड्यूल्स एक्स्ट्रा पॅकेज टाका किंवा सरळ जेनेरिक कर्नल घ्या, डेबियनमध्ये क्लाउडवाला कर्नल असेल तर साधा कर्नल टाका, रीबूट करा, कार्ड दिसायला लागतं. तुमच्याकडे आवाज येतोय म्हणजे हा प्रश्न तुमचा नाही, पण डमी आउटपुटवरून ड्रायव्हर शोधत फिरणारे इतके दिसतात की सांगून ठेवलं.

आता तुमची खरखर.

साउंडकार्डला साधारणपणे सेकंदाला ४८,००० नमुने लागतात, एकही उशिरा चालत नाही. हे नमुने बफरमधून येतात आणि बफर म्हणजे गच्चीवरची टाकी समजा, खाली नळ सतत चालू आहे आणि पंप मधूनमधून पाणी चढवतोय. पंप थोडा वेळ थांबला तरी टाकीत पाणी आहे तोवर खाली कळत नाही, टाकी रिकामी झाली की नळ फुसफुसतो. तुम्हाला ऐकू येणारी खरखर म्हणजे तेच. १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंद, २५६ चा असेल तर ५ च्या आसपास. खऱ्या मशीनवर ५ मिलिसेकंद पुरतात. व्हीएममध्ये मात्र गेस्टचा सीपीयू हा होस्टच्या दृष्टीने एक साधा थ्रेड असतो, होस्टला दुसरं काम आलं की तो थ्रेड बाजूला बसवला जातो, आणि गेस्टला तर कळतही नाही की आपण मधे २० मिलिसेकंद झोपलो होतो.

म्हणून पहिली चाचणी. व्हीएममध्ये व्हिडिओ न लावता एक साधी ऑडिओ फाइल वाजवा, ब्राउझर पूर्ण बंद करून. ती स्वच्छ वाजली आणि व्हिडिओ लावल्यावरच फाटलं, तर दोष साउंडचा नाही, व्हिडिओ डिकोड करण्यात सीपीयू संपतोय. व्हीएममध्ये बहुतेक वेळा ग्राफिक कार्डची मदत मिळत नाही, १०८० चा व्हिडिओ सगळा सीपीयूवर उलगडला जातो. ४८० वर लावून बघा, खरखर गेली तर उत्तर मिळालं.

ऑडिओ फाइलसुद्धा फाटत असेल तर खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात स्टेटसबारमध्ये बघा, तिथे हिरवं कासव आहे का? मला तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त संशय ह्याचा आहे. कासव म्हणजे विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारा थर, हायपर-व्ही) चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट वापरता येत नाहीये, हायपर-व्हीच्या मार्फत चालावं लागतंय. व्हर्च्युअलबॉक्स ६ पासून अशा स्थितीत व्हीएम निदान चालू तरी होतं, पण हळू, आणि टायमिंग डळमळीत. आवाजाला नेमकं तेच सोसत नाही. लोक म्हणतात मी तर हायपर-व्ही कधी चालू केलंच नाही. तुम्ही केलं नसेल, पण डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाकलं असेल, डॉकर डेस्कटॉप टाकलं असेल, विंडोज सँडबॉक्स घेतलं असेल, किंवा कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी चालू असेल, जी विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर बरेचदा आधीच चालू असते. खात्री करायची तर सिस्टिम इन्फर्मेशन उघडून अगदी शेवटी बघा, हायपरव्हायझर सापडलाय असं वाक्य असेल तर तो चालू आहे.

बंद करायचं तर विंडोज फीचर्समध्ये जाऊन हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म आणि सँडबॉक्स ह्यांच्या टिका काढा, कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. पण थांबा, हे करण्याआधी दोन गोष्टी. एक, डब्ल्यूएसएल २ आणि त्यावरचं डॉकर बंद पडेल, रोजीरोटी त्यावर असेल तर करू नका. दोन, मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, व्हिडिओतल्या खरखरीसाठी ऑफिसच्या लॅपटॉपवर ती बंद करणं मला पटत नाही आणि तुमच्या आयटीवाल्यांनाही पटणार नाही. स्वतःचा, घरचा लॅपटॉप असेल तर ठरवा तुम्ही.

कासव नसेल, किंवा काढूनही थोडी खरखर राहिली, तर प्रोसेसर किती दिलेत ते बघा. इथे लोकांचा हिशोब उलटा असतो, व्हीएम हळू चाललं की सगळे कोअर त्यालाच देऊन टाकतात. मग होस्टकडे स्वतःचा आवाज वाजवायलाही काही उरत नाही आणि जे सुधारायचं होतं तेच बिघडतं. ८ थ्रेडच्या लॅपटॉपवर गेस्टला २ ते ४ द्या, स्लायडर हिरव्या पट्ट्यात ठेवा. रॅमही तसंच, १६ पैकी १२ गेस्टला दिलं आणि होस्ट डिस्कवर स्वॅप करायला लागला की आवाज सगळ्यात आधी तुटतो, बाकीचं नंतर कळतं.

लॅपटॉप बॅटरीवर असताना किंवा व्हीएमची खिडकी मिनिमाइज केल्यावरच खरखर येते का हेही बघा. नव्या इंटेल प्रोसेसरमध्ये जोरदार आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर असतात आणि विंडोज ११ मागे (बॅकग्राउंडला) गेलेल्या प्रोग्रॅमला काटकसरी कोअरवर ढकलतं. पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवला की बहुतेकदा थांबतं. तेवढ्याने नाही झालं तर पॉवरसीएफजी ह्या कमांडमध्ये पॉवर थ्रॉटलिंग एका विशिष्ट प्रोग्रॅमपुरतं बंद करायची सोय आहे, तिथे व्हर्च्युअलबॉक्सव्हीएम ह्या ईएक्सईचा पूर्ण पत्ता द्यायचा.

हे सगळं झाल्यावरच गेस्टच्या बफरला हात लावायचा, आधी नाही. उबुंटूत पीडब्ल्यू-टॉप (पाइपवायरमध्ये काय चाललंय ते दाखवणारी कमांड) चालवा आणि आवाज वाजत असताना ईआरआर ह्या रकान्यावर लक्ष ठेवा. खरखरीसोबत तो आकडा वाढत असेल तर गेस्टमधला पाइपवायरच वेळेत पोचत नाहीये. आकडा हलत नाही आणि खरखर मात्र आहे, तर पाणी गेस्टमधून नीट निघतंय, अडचण बहुतेक व्हर्च्युअलबॉक्स किंवा विंडोजच्या बाजूला आहे. हा एक रकाना इतका उपयोगी आहे की व्हीएममध्ये खरखर म्हटलं की मी तो हमखास विचारतो. आकडा वाढत असेल तर पीडब्ल्यू-मेटाडेटा ह्या कमांडने सेटिंग्जमधल्या क्लॉक डॉट फोर्स-क्वांटमला (म्हणजे बफरच्या आकाराला) २०४८ ही किंमत द्या. लगेच लागू होतं, रीस्टार्ट लागत नाही, नको असेल तर तिथेच ० लिहिलं की पूर्ववत. २०४८ म्हणजे साधारण ४३ मिलिसेकंदांचा उशीर, गाणी-व्हिडिओला कळतही नाही. पाइपवायर आपण व्हीएममध्ये आहोत हे ओळखून स्वतःच बफर मोठा धरतो, त्यामुळे ह्या आकड्याने जादू होईल अशी अपेक्षा ठेवू नका, वरची कारणं तशीच असतील तर खरखर फक्त कमी होते. जुन्या उबुंटूत पल्सऑडिओ असेल तर त्याच्या डिफॉल्ट फाइलमध्ये युडेव्ह-डिटेक्टच्या ओळीपुढे टीशेड बरोबर शून्य लिहायचा जुना उपाय अजून चालतो.

आणि व्हीएममध्ये गाणं रेकॉर्ड करायचंय, हार्मोनियम वाजवताना हेडफोनमध्ये लगेच ऐकायचंय असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ नाही. तिथे लहान बफर लागतो आणि व्हीएमला मोठा बफर लागतो, ह्या दोघांचं जमत नाही. ते काम होस्टवरच करा.

आवाज फाटत नाही पण गाणं भरभर किंवा रेंगाळत वाजतंय, माणसाचा आवाज कार्टूनसारखा येतोय, असं असेल तर ते वेगळं प्रकरण. जुन्या लिनक्स कर्नलमध्ये एसी ९७ चा ड्रायव्हर सुरू होताना कार्डाचं घड्याळ मोजून बघायचा आणि व्हीएममध्ये ते मोजमाप चुकायचं. त्या ड्रायव्हरला एसी९७ क्लॉक ४८००० असं सांगून टाकलं की सुटतं. आजच्या कर्नलमध्ये हे फारसं दिसत नाही.

माईक. हे बहुतेक दोन मिनिटांचं काम आहे. व्हर्च्युअलबॉक्स ५.२ पासून आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज वेगळे केलेत आणि आत येणारा मुद्दाम बंद ठेवलाय, गेस्टने गुपचूप तुमचं बोलणं ऐकू नये म्हणून. चालू व्हीएममध्येच डिव्हाइसेस मेनूत ऑडिओखाली ऑडिओ इनपुटवर टिक करा. मग विंडोजच्या प्रायव्हसीत मायक्रोफोनच्या पानावर डेस्कटॉप अ‍ॅप्सना माईक वापरू द्यायची परवानगी चालू आहे का बघा, ती बंद असेल तर गेस्टला माईक दिसतो पण येते फक्त शांतता. मॅकवर असाल तर तीच परवानगी सिस्टिम सेटिंग्जमध्ये, मोहावेपासून ती लागतेच.

आता ब्लूटूथवाल्यांसाठी. माईकची टिक केली, व्हीएममधल्या अ‍ॅपने माईक उघडला आणि अचानक सगळा आवाज, होस्टवरचासुद्धा, जुन्या लँडलाइनवरून आल्यासारखा झाला? तो व्हीएमचा दोष नाही. ब्लूटूथ हेडफोन गाण्याच्या प्रोफाइलमध्ये फक्त ऐकवतो, माईक लागला की त्याला फोनकॉलच्या प्रोफाइलमध्ये जावं लागतं आणि तिथे नमुने सेकंदाला ८ किंवा १६ हजारांवर येतात. उपाय म्हणजे होस्टवर डिफॉल्ट माईक लॅपटॉपचा ठेवायचा आणि ब्लूटूथ फक्त ऐकायला. वायरचा साधा हेडफोन तर सगळ्यात उत्तम, मीटिंगसाठी मी तोच वापरतो.

यूएसबी हेडसेट सरळ व्हीएमला जोडून द्यावा का असं बरेच जण विचारतात. देता येतो, पण यूएसबी ऑडिओचा डेटा ठरलेल्या वेळेलाच जावा लागतो आणि पासथ्रूमध्ये (असं सरळ जोडून देण्यात) तीच वेळ चुकते, बहुतेकांची खरखर वाढते. अगदी करायचंच असेल तर यूएसबी ३ चा कंट्रोलर निवडा. शिवाय तो हेडसेट तेवढा वेळ होस्टला मिळत नाही हे लक्षात असू द्या.

होस्ट लिनक्स आणि व्हर्च्युअलबॉक्सऐवजी केव्हीएम (लिनक्सची स्वतःची व्हीएमची सोय) असेल तर गोष्ट थोडी निराळी. स्पाइस आणि व्हीएनसी ह्या तिथे व्हीएमची स्क्रीन दाखवायच्या दोन पद्धती. व्हर्ट-मॅनेजरमध्ये डिस्प्ले स्पाइस असेल तर आवाज स्पाइसमधूनच खिडकीपर्यंत येतो, म्हणजे खिडकी बंद केली की आवाजही बंद, तो बिघाड नाही. डिस्प्ले व्हीएनसी केला असेल तर लिबव्हर्ट (व्हर्ट-मॅनेजरच्या मागे व्हीएम सांभाळणारा भाग) आपणहून होस्टचा ऑडिओ वापरत नाही, आवाज नल बॅकएंडला जातो. व्हीएनसीच हवं असेल तर लिबव्हर्टच्या क्यूईएमयू डॉट कॉन्फमध्ये व्हीएनसीला होस्ट ऑडिओची परवानगी द्यावी लागते, आणि तेवढ्यानेही भागत नाही कारण सिस्टिम कनेक्शनमध्ये क्यूईएमयू (प्रत्यक्ष व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) वेगळ्या युजरखाली चालतं, त्याला तुमच्या लॉगिनच्या पाइपवायरपर्यंत पोचताच येत नाही. घरच्या डेस्कटॉपवर एवढा उद्योग करण्यापेक्षा स्पाइस ठेवा. साउंडचं मॉडेल आयसीएच ९. गेस्टमध्ये आवाज आहे पण एखादं मीटिंगचं अ‍ॅप माईकच नाही म्हणतंय तर कोडेक (त्या खोट्या कार्डाचा आत-बाहेरचा आवाज हाताळणारा भाग) बघा, ड्युप्लेक्स कोडेक गेस्टला लाइन-इन दाखवतो आणि मायक्रो कोडेक खराखुरा माईक म्हणून दाखवतो, तो बदलला की अशी हट्टी अ‍ॅप्स गप्प बसतात.

क्यूईएमयू हाताने चालवणाऱ्यांनी नेटवरचे जुने लेख जपून वापरा. साउंडएचडब्ल्यू हा पर्याय ७.१ मध्ये काढून टाकलाय, ऑडिओ ड्रायव्हर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने सांगायची पद्धत ८.२ मध्ये गेली. आता ऑडिओडेव्ह लिहायचं आणि साउंडकार्डाला त्याचा आयडी द्यायचा. पाइपवायरचा थेट बॅकएंड ८.१ पासून आहे.

हायपर-व्ही वापरणाऱ्यांनी तर कंट्रोलर शोधूच नये, कारण तिथे खोटं साउंडकार्ड नसतंच. आवाज येतो तो एनहान्स्ड सेशनमधून, जे आतून रिमोट डेस्कटॉपच आहे. म्हणून गेस्ट विंडोज होम असेल तर एनहान्स्ड सेशन मिळत नाही आणि आवाजही नाही, प्रो लागतं. लिनक्स गेस्टला एक्सआरडीपी (लिनक्सचा रिमोट डेस्कटॉप सर्व्हर) आणि त्याचं ऑडिओ मॉड्यूल लागतं. विंडोज सर्व्हर असेल तर आधी विंडोज ऑडिओ ही सर्व्हिस चालू आहे का तेवढं बघा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: कासव, मग कोअरची संख्या, मग ४८० वर व्हिडिओ, मग पीडब्ल्यू-टॉप. माईकची टिक मधे केव्हाही करा. ह्यानंतरही अडलंच तर व्हीएम बंद करून त्याच्या फोल्डरमधल्या लॉग्समध्ये व्हीबॉक्स डॉट लॉग ही फाइल आहे ती उघडा आणि तीन गोष्टी शोधा: एनईएम (हायपर-व्हीच्या मार्फत चालत असल्याची खूण), ऑडिओ, आणि तुम्ही निवडलेल्या कंट्रोलरचं नाव. त्या ओळी, प्रोसेसरचं मॉडेल आणि पीडब्ल्यू-टॉपमधला ईआरआरचा आकडा एवढं पाठवा, स्क्रीनचा फोटो काढून नको, मजकूर कॉपी करून पाठवा.